सात नंबरचा माईक

माझं काम ऐकण्याचं. बोलण्याचे पैसे दुसऱ्यांना मिळतात.
अक्रात, समुद्राकाठच्या हॉटेलात, उद्योगपतींच्या वार्षिक भोजनाला
मी पडद्यामागे बसतो, कानांवर हेडफोन,
समोर चोवीस खुंट्या,
प्रत्येक खुंटीला एकेक गळा टांगलेला.

राष्ट्राध्यक्ष येणार म्हणून सकाळपासून
पोलिसांच्या कुत्र्यांनी माझ्या वायरी हुंगल्या.
एकाने स्पीकरवर पाय वर केला.
मी पुसलं. त्याचं बिल कुणाच्या नावावर,
ते करारात नाही.

आधी सिमेंटवाले लान्ते ओकुनोर.
जड आवाज, खर्ज जास्त, मी थोडा कापला.
"करांनी आमचं कंबरडं मोडलंय," म्हणाले.
कंबरेला पट्टा मगरीच्या कातड्याचा.
मग मादाम अराबा क्वान्साह, गोठवलेली कोंबडी मागवणाऱ्या:
बंदरातून एक खोकं सोडवायला नऊ शिक्के लागतात
आणि सातव्यालाच बर्फाचं पाणी होतं.
ही बाई खरं बोलत होती.
खऱ्या आवाजाला सुई लाल रेघेला शिवत नाही,
असं माझं निरीक्षण.
चुकतही असेन. सुईला काय कळतं.

मग राष्ट्राध्यक्ष. चाळीस मिनिटं.
घसरलेली सेडी त्यांच्या मते दम खात होती.
कर्ज म्हणजे जगाचा विश्वास.
फोनवरून पैसे पाठवताना जो नवा कर कापतात
त्याला ते कर म्हणाले नाहीत, "वाटा" म्हणाले.
टाळ्या पुढच्या रांगेतून निघाल्या,
मग चाचरत मागे गेल्या,
जनरेटर लागल्यावर
एकेक खोली उजळावी तशा.

जेवण लागलं. मी खुंट्या खाली ओढत होतो.
सात नंबर अजून जिवंत.
चमचा वाजला. कुणी पाणी प्यालं.
आणि राष्ट्राध्यक्ष, अगदी हळू:
"पाव केवढ्याला आहे हो सध्या?"
"पाव?"
"साधा. चहाबरोबरचा. उद्या रेडिओवर विचारतील."
ओकुनोर म्हणाले, चौकशी करून कळवतो.
अर्थमंत्री म्हणाले, महागाईचा दर सांगू? दशांशासकट?
मादाम म्हणाल्या, आमच्याकडे स्वयंपाकीण आणते.
मग बराच वेळ कुणीच काही नाही.

अठरा सेडी.
सोमवारी सोळा होता.
आमच्या गल्लीत डेडे विकते, डोक्यावरचं घमेलं न उतरवता,
आणि भाव वाढला की माझ्याकडे बघत नाही,
जणू तिनंच काहीतरी केलंय.
पाव आखूडही झालाय, दोन बोटं.
ते ती सांगत नाही. मी मोजतो.

अंगठ्याखाली एक लाल बटण असतं.
रंगीत तालमीला वापरतात; कार्यक्रमात हात लावायचा नाही.
कानावर हात ठेवायचे पैसे मिळतात मला,
अठरा वर्षं ठेवले. हाही आकडा अठराच,
ते आत्ता लिहिताना लक्षात आलं.
दाबलं.

"अठरा," असं छतातून आलं, झुंबराच्या बाजूने.
तीनशे माना वर.
माझाच आवाज, पण मलाही ओळखू येईना.
आकाशवाणी झाल्यावर राजे घाबरतात म्हणे.
हे हसले. "बघा, देवालाही बाजारभाव पाठ आहे!"
हॉल खदखदला. सुई लालच्या पार गेली.

मॅनेजरने निम्मी मजुरी कापली.
उरलेली फोनवर आली, वाटा वजा होऊन.

सकाळी रेडिओवर त्यांना विचारलंच.
"अठरा," ते चटकन म्हणाले,
"मी जमिनीवरचा माणूस आहे."
डेडेच्या घमेल्याला टांगलेल्या छोट्या रेडिओतून
आम्ही दोघांनी ऐकलं.
मी मोजून अठरा काढले.

"वीस," ती म्हणाली,
आणि या वेळी
सरळ माझ्याकडे बघितलं.